मावशींचे लेख कोणालाच का दिसले नाहीत?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. आमच्या गावी शाळा तेवढीच होती, पुढची शाळा आठ किलोमीटरवर, आणि मुलीला रोज इतके लांब पाठवावे असे घरात कोणाच्या मनात आले नाही. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे. मागच्या बैठकीत चिटणीसबाईंनी माझे नाव सुचविले तेव्हा मी आधी नकोच म्हटले होते. पण त्या म्हणाल्या, "संकेतस्थळाचे काम तुम्ही बघता, मग त्यातले चार शब्द आम्हांला दुसऱ्या कोणी सांगायचे?" त्यांचे म्हणणे खरे होते. शिवाय मला एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. आजवर ती चार-पाच जणींनाच ठाऊक आहे. ती सांगून टाकली म्हणजे बाकीचे बोलणे मला सोपे जाईल.

आपल्या मंडळाचे संकेतस्थळ २०२३च्या गुढीपाडव्याला सुरू झाले हे आपणांस माहीत आहेच. आपली स्मरणिका वर्षातून एकदा निघते, घरोघर जाते, आणि पुढच्या साफसफाईत माळ्यावर चढते. तिच्यातले लेख बाहेरच्या माणसाच्या हाती पडत नाहीत. म्हणून आपल्या सभासद भगिनींनी लिहिलेल्या कृती, सणावारांच्या आठवणी, घरगुती माहिती ही एका जागी ठेवावी, असे ठरले. माझी लेक तेव्हा सुट्टीवर आली होती. तिने 'विक्स' नावाच्या सेवेवर आपले स्थळ बांधून दिले. ही सेवा २००६ साली इस्रायलमध्ये निघाली. तिच्यावर काम करायला संगणकाची भाषा शिकावी लागत नाही. भातुकली मांडावी तसे चौकोन उचलून हवे तेथे मांडता येतात. लेखांसाठी त्यात ब्लॉगचा वेगळा कप्पा असतो. लेक पुण्याला परत गेली आणि लेख चढविण्याचे काम माझ्याकडे आले. मराठी टंकायला मी महिनाभरात शिकले. त्यात विशेष काही नाही, बोट एकदा वळले की वळते.

आता आपल्या मावशींबद्दल. त्या समोरच बसल्या आहेत, आणि मी सांगावे असे त्यांनीच मला काल बजावले आहे. मावशींनी लेख लिहायला घेतले ते वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. दुरेघी वहीत, शाईच्या पेनाने, एका बाजूने लिहायच्या. सोमवारच्या बैठकीला येताना वही पिशवीतून आणायच्या आणि मी ती घरी नेऊन लेख चढवायची. बाळंतिणीचे खाणे, भाजणी, फणसाची सांदणे, पापडाचा खार, मुंजीच्या घरातली लगबग. असे अकरा लेख झाले. दर सोमवारी त्यांचा एकच प्रश्न असे, "कोणी वाचलं का गं?" आणि मी म्हणत असे, "वाचतील, मावशी." स्थळावर किती जण येऊन गेले त्याचा आकडा दिसतो. त्यांच्या लेखांपुढे तीन, चार, फार तर सहा असे आकडे असत. त्यांतली मी एक, माझी लेक एक, आणि चिटणीसबाई एक.

त्या दिवाळीनंतर मावशींनी वही आणणे बंद केले. मी विचारले तर म्हणाल्या, "जाऊ दे. आता कोणाला हवंय ते जुनंपुराणं?" आणि भगिनींनो, सांगायला लाज वाटते, पण मलाही तसेच वाटले होते. मी त्यांची समजूत घातली नाही. मनात म्हटले, खरेच आहे, हल्ली सगळ्यांना चलत्चित्रे हवीत, लेख कोण वाचतो?

मे २०२४ मध्ये लेक घरी आली. तिला मी सहज हे सांगितले. ती म्हणाली, "आई, आपले लेख गूगलमध्ये येतात तरी का?" तिने गूगलच्या चौकटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत लिहिला, त्याला जोडून दोन टिंबांची खूण केली आणि पुढे जागा न सोडता आपल्या स्थळाचा पत्ता घातला. असे केले की त्या स्थळाची कोणती पाने गूगलजवळ आहेत ते दिसते. अगदी सगळी दिसतीलच असे नाही, पण अंदाज येतो. आमचे एकही पान आले नाही. अकरा लेख मावशींचे, पंचवीस-तीस इतर भगिनींचे, आणि पडद्यावर एक ओळ नाही.

याचे कारण समजण्यासाठी हे यंत्र काम कसे करते ते थोडे सांगावे लागेल. मला वाटायचे की आपण गूगलला प्रश्न विचारला की तो त्याच क्षणी जगभर धावत सुटतो आणि उत्तर शोधून आणतो. तसे नाही. गूगलचा एक वाचणारा कार्यक्रम आहे. तो एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर असा सतत हिंडत असतो आणि जे वाचले त्याची नोंद करून ठेवतो. नोंदींचे हे एक प्रचंड बाड आहे. वाण्याच्या खतावणीसारखे म्हणा. आपण विचारतो तेव्हा उत्तर त्या बाडातून निघते. आपले पान त्यात नसेल तर ते कितीही चांगले असो, विचारणाऱ्याला दिसत नाही.

आणि आमचे पान त्यात येऊ नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती.

स्थळ बांधीत असताना, मार्च २०२३ मध्ये, सगळे अर्धवट होते. कोठे नुसताच चौकोन, कोठे फोटो उलटा. असला पसारा कोणी पाहू नये म्हणून लेकीने मला एक बटण दाखविले होते. शोधयंत्रांना हे स्थळ नोंदू द्यायचे की नाही, याचे ते बटण. काम पुरे होईपर्यंत ते बंद ठेव, मग चालू कर, असे ती बजावून गेली होती. पाडव्याला नारळ फोडला, पेढे वाटले, आणि बटण चालू करावयाचे मी विसरले. चौदा महिने ते बंद होते. स्थळाचा पत्ता ज्याला ठाऊक आहे त्याला सर्व काही उघडे दिसते, म्हणून आम्हांला कोणाला शंका आली नाही. मोबाईलवर दुवा पाठविला की उघडत होता. बाहेरून शोधीत येणाऱ्यालाच फक्त वाट नव्हती.

मी त्या संध्याकाळी मावशींकडे गेले. त्या ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मी सगळे सांगितले. त्यांना नोंद, बाड यांतले किती कळले कोण जाणे. पण थोडा वेळ सूप तसेच धरून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी वाईट लिहिलं म्हणून नव्हे तर!" मला त्यावर काही बोलवेना.

तर ज्या भगिनी स्वतःचे स्थळ चालवितात, किंवा ज्यांच्या सुना-मुली चालवितात, त्यांना पहिले सांगणे हे की या बटणाकडे पाहा. विक्सवर असे बटण दोन ठिकाणी आहे. एक संपूर्ण स्थळासाठी, शोधयंत्राच्या मुख्य सेटिंगमध्ये. दुसरे प्रत्येक लेखासाठी, लेख लिहिण्याच्या जागी बाजूला जो एसईओ नावाचा कप्पा आहे त्यात. पहिले बंद असेल तर दुसरे चालू असून उपयोग नाही. पहिले चालू आणि दुसरे बंद असे असेल तर तेवढा एकच लेख वगळला जातो. याचा चांगला उपयोगही आहे. आपल्या भिशीच्या सूचनेचे किंवा सहलीच्या यादीचे पान जगाने वाचावे अशी गरज नाही. अशा पानाचे बटण मी मुद्दाम बंद ठेवते. बटण बंद केले म्हणजे पानाच्या आत 'नोइंडेक्स' असा शब्द लिहिला जातो. पाहणाऱ्या माणसाला तो दिसत नाही, वाचणाऱ्या यंत्राला दिसतो, आणि गूगल तो मानते. पण ही कुलुपाची जागा नव्हे, हेही लक्षात असू द्या. पत्ता हाती पडला तर कोणीही ते पान उघडू शकतो. म्हणून सभासदांचे फोन क्रमांक वगैरे तेथे मुळीच ठेवू नयेत.

एक गंमत सांगते. माझी नणंद वर्डप्रेसवर लिहिते. तिला मी फोनवर म्हटले, "वन्सं, बटण चालू आहे ना बघा." ती म्हणाली, "नव्हतं, आत्ताच केलं." मला बरे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी कळले की वर्डप्रेसवर रीत उलटी आहे. तेथे सेटिंगमध्ये रीडिंग नावाच्या पानावर एक चौकोन असतो आणि त्यापुढे 'शोधयंत्रांना नोंद करण्यापासून परावृत्त करा' अशा अर्थाचे वाक्य असते. त्यात खूण केली म्हणजे दार बंद! इकडे खूण म्हणजे उघडे, तिकडे खूण म्हणजे बंद. एका रात्रीपुरते का होईना, मी तिचे चांगले चाललेले दार लावून घ्यायला लावले. तेव्हा शेजारचे वाक्य पुरे वाचल्याशिवाय हात लावू नये. इंग्रजी कळले नाही तर कोणाला तरी विचारावे, त्यात कमीपणा नाही. मी अजून विचारते.

बटण चालू केल्यावर मला वाटले, आता लोक येतील. आठवडा गेला, दोन गेले, कोणी येईना. गूगलच्याच सांगण्याप्रमाणे नोंद व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्यासाठी 'सर्च कन्सोल' नावाची गूगलची एक फुकट सोय आहे. मंडळाने वर्गणीतून स्वतःचा पत्ता विकत घेतला होता, तो आम्ही तेथे जोडला. मग लेखाचा पत्ता घालून 'याची नोंद घ्या' अशी विनंती करता येते. मी एकेका लेखासाठी विनंती केली. रोज थोड्या थोड्या, कारण दिवसाला ठराविकच घेतात. जूनच्या अखेरीस पाने दिसू लागली. तरीही मावशींचा सांदणांचा लेख कोणाला सापडेना. येथे मला दुसरी गोष्ट कळली.

त्या लेखाचे नाव मावशींनी 'वैशाखातली एक दुपार' असे ठेवले होते. नाव फार छान आहे. लेखही तसाच आहे. आधी माजघरातला गारवा, मग बरका फणस फोडण्याची धांदल, हाताला तेल लावणे, चाळणीवर गर घासून रस काढणे, आणि मग कोठे शेवटी सांदणे. पण ज्या मुलीच्या घरी फणस येऊन पडला आहे ती गूगलला काय विचारील? 'फणसाची सांदणे कशी करतात' असेच ना? 'वैशाखातली एक दुपार' असे ती कशाला विचारते?

मी मावशींना म्हटले, "नाव बदलू या. 'फणसाची सांदणे' एवढेच ठेवू." त्या रागावल्या. म्हणाल्या, "ते नाव आहे माझ्या लेखाचं. तुझं लेकरू शाळेत घालताना गुरुजींना सोपं पडावं म्हणून त्याचं नाव बदलशील का?" आठ दिवस आमचे बोलणे त्या विषयावर तुटक होते. मला त्यांचे पटत होते आणि लेख सापडावा असेही वाटत होते.

पुढे लेकीने फोनवर सांगितले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लेखाच्या माथ्यावर जे नाव छापले जाते ते वेगळे, आणि गूगलच्या यादीत जी निळी ओळ दिसते तिच्यासाठी द्यावयाचे नाव वेगळे. त्याला टायटल टॅग म्हणतात. लेखाच्या त्याच एसईओ कप्प्यात त्याची चौकट आहे. आपण ती रिकामी ठेवली तर लेखाचेच नाव तेथे आपोआप जाते, म्हणून ती वेगळी आहे हे ध्यानात येत नाही. मी तेथे लिहिले, 'फणसाची सांदणे : बरक्या फणसाच्या रसाची पारंपरिक कृती'. पान उघडले की वर 'वैशाखातली एक दुपार' हेच नाव मोठ्या अक्षरात. मावशींना दोन्ही दाखविले. त्यांनी चष्मा वरखाली करून पाहिले आणि म्हणाल्या, "हे चालेल. घराला नाव असतं आणि पत्राला पत्ता असतो, तसं." माझे आठ दिवसांचे ओझे उतरले.

या चौकटीत मुख्य शब्द आधी लिहावा. लांब ओळ मोबाईलवर कापली जाते आणि शेवटचे शब्द दिसत नाहीत. सगळ्या लेखांना तीच ओळ देऊ नये. मी सुरुवातीला प्रत्येकात मंडळाचे नाव आधी घालून मग लेखाचे नाव घालीत असे. मंडळाचे नाव आपले लांबलचक, त्यामुळे यादीत सगळीकडे मंडळच दिसे आणि पदार्थ कापला जाई! आपण लिहिलेली ओळ गूगल दर वेळी तशीच दाखवील असेही नाही. त्याला दुसरी योग्य वाटली तर ती पानातून घेतो. पण नीट लिहिली असेल तर बहुधा ठेवतो, असा माझा तरी अनुभव.

त्याखालची चौकट वर्णनाची. मेटा डिस्क्रिप्शन असे तिचे नाव. निळ्या ओळीखाली बारीक अक्षरात दोन ओळी येतात त्या येथून येऊ शकतात. वर्णन चांगले लिहिले म्हणून लेख यादीत वर चढत नाही, हे गूगलने स्पष्ट सांगितले आहे. पण वाचणारी बाई त्या दोन ओळी पाहूनच ठरविते की उघडावे की पुढे जावे. रिकामे ठेवले तर गूगल पानातला कुठला तरी तुकडा उचलतो. सांदणांच्या लेखाखाली 'काकू म्हणाल्या, विळीला आधी तेल लावा' एवढाच तुकडा येत होता! मी तेथे लिहिले की बरक्या फणसाचा रस, तांदळाचा रवा, गूळ आणि नारळाचे दूध घालून वाफवलेली सांदणे. रस काढण्यापासून वाफवण्यापर्यंतची कृती आणि कोकणातल्या घरातली आठवण. जे आत आहे तेच बाहेर लिहिले.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याच एका भगिनीने मेथीच्या लाडवांच्या लेखासाठी 'मधुमेहावर रामबाण उपाय' असे वर्णन द्यावे असा आग्रह धरला होता. त्याने पुष्कळ लोक येतील, असे त्यांचे म्हणणे. येतीलही. पण त्या लेखात तसे काही नाही, आणि गूळ-तुपाचे लाडू मधुमेहावर औषध म्हणून कोणी खाल्ले तर त्याचे पाप कोणाच्या माथी? मी ते केले नाही. त्या माझ्यावर थोड्या नाराज आहेत, तरी आज आल्या आहेत याचा मला आनंद आहे.

मग येतो लेखाचा पत्ता. त्याच्या शेवटच्या तुकड्याला स्लग म्हणतात. आमचे पत्ते लेखाच्या नावावरून आपोआप मराठीतच बनले होते. गूगलला मराठी पत्ता चालतो, त्यात काही गैर नाही. पण तो कोणाला पाठविला की त्याचे विचित्र रूप होते. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी यांच्या जागी टक्क्याच्या खुणा आणि आकडे मिळून नऊ नऊ चिन्हे येतात. 'वैशाखातली एक दुपार' हे सोळा तुकड्यांचे नाव जवळजवळ दीडशे चिन्हांचे होते. मावशींच्या भाच्याला दुवा पाठविला तर त्याला वाटले, काही फसवाफसवी आहे, आणि त्याने तो उघडलाच नाही. आता मी इंग्रजी अक्षरांत छोटा पत्ता देते, शब्दांच्या मध्ये आडवी रेघ घालून. खालची रेघ नव्हे, मधली. गूगल तीच पसंत करतो.

माझी चुलत जाऊ ब्लॉगरवर लिहिते. तिची तऱ्हा आणखी निराळी. तेथे नाव फक्त मराठीत असेल तर ते पत्त्यात येतच नाही. 'ब्लॉग-पोस्ट' असा कोरा पत्ता बनतो, दुसऱ्या लेखालाही तोच आणि पुढे एखादा आकडा. तिच्या साऱ्या लेखांचे पत्ते असेच एकसारखे झाले होते. प्रसिद्ध करण्याआधीच बाजूच्या पर्मालिंक नावाच्या जागी आपला पत्ता लिहावा, म्हणजे हे टळते. ब्लॉगरवर वर्णनाची चौकटही आधी दिसत नाही. मुख्य सेटिंगमध्ये शोधवर्णन चालू करावे लागते, मग ती प्रत्येक लेखापाशी उगवते. जाऊबाईंना हे तीन वर्षे ठाऊक नव्हते.

पत्ता एकदा लोकांच्या हाती गेला की मग उगाच बदलू नये. बदललाच तर जुन्यावर आलेल्या माणसाला नव्यावर नेऊन पोचविण्याची सोय असते, तिला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. टपालखात्याला नवा पत्ता कळवून ठेवावा तसे. ती लागली की नाही हे जुना पत्ता स्वतः उघडून पाहावे. मी अकरा लेखांचे पत्ते बदलले आणि अकराही जुने पत्ते उघडून पाहिले. एक फसला होता.

फोटोंबद्दल फार बोलत नाही. फोटोला दोन शब्दांचे वर्णन द्यायची जागा असते, तेथे 'वाफवलेली फणसाची सांदणे, केळीच्या पानावर' असे साधे लिहावे. ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाईल ते मोठ्याने वाचून दाखवितो, आणि यंत्रालाही चित्र कशाचे ते कळते.

आणखी दोन गोष्टी सांगते आणि मग माझी वेळ संपली. पुष्कळ जणी मला विचारतात की खाली शब्दांची यादी द्यायची ना, 'फणस, सांदणे, कोकण, गोड, सोपे' अशी? ती कीवर्डची चौकट. गूगलने २००९ सालीच सांगून टाकले की यादी लावताना आम्ही ती पाहत नाही. तरी लोक अजून भरतात. त्यापेक्षा लेखात तो शब्द आपण बोलतो तसा यावा. मावशींच्या लेखात 'सांदणे' हा शब्द फक्त दोनदा होता, कारण त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होते की काय चालले आहे. मी त्यांना विचारून एक उपशीर्षक घातले.

दुसरी गोष्ट पैशांची. गेल्या वर्षी एका गृहस्थांचा मला फोन आला. स्थळ पाहिले, फार छान आहे, पंधरा हजार द्या, महिन्यात पहिल्या क्रमांकावर आणून देतो, गूगलशी आमची ओळख आहे, असे बोलणे. मी आपल्या खजिनदारबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पंधरा हजारांत शिवणयंत्र येईल." मग वाचून पाहिले. गूगल पैसे घेऊन कोणाचे पान वर चढवीत नाही, आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जाहिराती असतात त्या निराळ्या, त्यांवर तसे लिहिलेले असते. मी त्या गृहस्थांना नम्रपणे नकार दिला. त्यांनी पुन्हा तीन वेळा फोन केला.

आता मावशींचे काय झाले ते सांगते. पहिल्या काही महिन्यांत फार लोक आले असे नाही. रोज एक, दोन, कधी शून्य. पण सर्च कन्सोलमध्ये कोणत्या शब्दांनी शोधून लोक आपल्यापर्यंत आले ते दिसते. भाजणीच्या लेखावर 'भाजणीचे प्रमाण' या शब्दांनी लोक येत होते. मावशींना मी ते वाचून दाखवीत असे. मे २०२५ मध्ये, फणसाच्या दिवसांत, सांदणांच्या लेखावर एकदम गर्दी झाली. गर्दी म्हणजे आपल्या मानाने हो. आणि एके दिवशी बडोद्याच्या एका मराठी बाईंचा निरोप आला. त्यांच्या आई सांदणे करीत, पण कृती लिहून ठेवलेली नव्हती आणि आई आता नाहीत. लेख वाचून त्यांना घर आठवले. पण एक तक्रार होती. रस किती आणि रवा किती हे लेखात कोठेच नाही!

मी वही काढून पाहिली. खरेच नव्हते. मावशींनी 'अंदाजाने' असे लिहिले होते आणि मी तसेच टंकले होते. मी निरोप घेऊन गेले. मावशी उठल्या, वाटी घेतली, फणसाचा रस नव्हता म्हणून पाण्याने मोजून पाहिले, पुटपुटल्या, आणि मग सांगितले की एक वाटी तांदळाच्या रव्याला एक वाटी रस, फणस फार गोड असेल तर गूळ बेताने. तेही लेखात घातले. त्या बाईंनी नंतर फोटो पाठविला. सांदणे थोडी चपटी झाली होती. मावशी म्हणाल्या, "रवा नीट भिजला नसेल. तिला लिही."

त्या दिवसापासून वही पुन्हा सुरू झाली आहे. आज त्यांचा सोळावा लेख माझ्या पिशवीत आहे. त्याचे नाव त्यांनी 'एक राहून गेलेले काम' असे ठेवले आहे आणि तो कुरडयांचा आहे. निळ्या ओळीत काय लिहावयाचे ते आम्ही दोघी सोमवारी बसून ठरविणार आहोत.

ज्यांना आपले किंवा मुलीचे स्थळ तपासून पाहावयाचे असेल त्यांनी सोमवारी दुपारी तीन ते साडेचार या वेळात कार्यालयात यावे. लॅपटॉप मंडळाचा आहे, मोबाईलवरही चालते. पासवर्ड मात्र आठवून या. गेल्या वेळी दोन जणींचा सगळा वेळ त्यातच गेला.